झिजलेल्या भागावरून मूळ ड्रॉइंग: जुन्या लष्करी वाहनांच्या सुट्या भागांची आरेखने कशी काढावीत

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचा एखादा ब्रॅकेट हातात आला की व्हर्निअरने मापे घ्यायची आणि ती जशीच्या तशी संगणकावर उतरवायची, एवढ्यावर बरेच जण काम संपले असे समजतात. अशा ड्रॉइंगमध्ये ऐंशी वर्षांची झीज, कुणीतरी हातोड्याने सरळ केलेली कड आणि रंगाचे चार थर हेही इमानेइतबारे नोंदले जातात. हातातला आकडा हा केवळ पुरावा असतो. त्यावरून कारखान्यात धरलेले मूळ माप ठरवणे हे खरे काम आहे.

साफसफाईपूर्वी भागाचे सर्व बाजूंनी फोटो घ्यावेत आणि शिक्के व उठावाची अक्षरे टिपून ठेवावीत. विलिज आणि फोर्ड या दोघांनी एकाच आराखड्याची जीप बनवली, पण फोर्डने आपल्या असंख्य भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, ‘एफ’ हे अक्षर उमटवले होते. ते घासले गेले तर भागाची ओळखच जाते. म्हणून रंग काढण्यासाठी ग्राइंडर किंवा जोरदार सँडब्लास्टिंग न वापरता रंग विरघळवणारे द्रावण वापरावे. त्या वाहनाची दुरुस्ती पुस्तिका आणि सुट्या भागांची यादी मिळाली तर तीही आधीच वाचावी, कारण बोल्टची मापे बहुधा तिथेच सापडतात.

मापनाची सुरुवात डेटम, म्हणजे सगळी मापे जिथून मोजायची तो आधाराचा पृष्ठभाग, निवडण्यापासून होते. सर्वांत कमी झिजलेली जागा शोधावी. ती बहुधा दुसऱ्या भागाखाली झाकलेल्या पृष्ठभागावर किंवा बोल्टच्या डोक्याखाली सापडते. तो पृष्ठभाग सरफेस प्लेटवर (अगदी सपाट केलेल्या मापन-पाट्यावर) टेकवून उरलेली उंचीची मापे हाईट गेजने (उभ्या मापपट्टीच्या उपकरणाने) घ्यावीत. दोन भोकांमधील अंतरासाठी व्हर्निअरने भोकांच्या बाहेरच्या कडांमधील आणि आतल्या कडांमधील अशी दोन मापे घेऊन त्यांची सरासरी काढावी. भोकांचे व्यास वेगवेगळे असले तरी हा हिशेब बरोबर येतो. मात्र एखादे भोक एका बाजूला लांबट झाले असेल तर सरासरी फसवते, तेव्हा न झिजलेली कड पाहून मूळ केंद्र ठरवावे.

समजा सरासरी 76.31 मिमी आली. अमेरिकी भाग इंचांच्या अपूर्णांकांत आखलेला असतो; 3 इंच म्हणजे 76.20 मिमी, आणि 1/64 इंच म्हणजे सुमारे 0.40 मिमी, त्यामुळे हे माप निःसंशय 3 इंच आहे. आकडा दोन अपूर्णांकांच्या मधोमध पडला तर मात्र त्याला ओढूनताणून बसवू नये. भाग वाकलेला असेल किंवा मापच दशांशात दिलेले असेल. जर्मन किंवा सोव्हिएत वाहनांचे भाग मेट्रिक असतात, तिथे इंच शोधत बसू नये.

पत्र्याच्या जाडीत माझी स्वतःची एक चूक सांगण्यासारखी आहे. एका अमेरिकी भागाची जाडी मी 1.63 मिमी लिहिली होती, आणि ती ब्रिटिश 16 गेजशी (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचा क्रमांक) तंतोतंत जुळत असल्यामुळे शंकाही आली नाही. अमेरिकी 16 गेजचा पत्रा 1.52 मिमीचा असतो. वरचा दशांश मिलिमीटर म्हणजे उरलेला रंग निघाला. तेव्हापासून उघड्या धातूवर, तीन ठिकाणी, मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय मी जाडी लिहीत नाही.

आट्यांबाबत घाई करू नये. 3/8 इंचाच्या व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या) आणि अमेरिकी जाड आट्यांमध्ये दर इंचाला सारखेच 16 आटे असतात, पण आट्याच्या खाचेचा कोन अनुक्रमे 55 आणि 60 अंश असतो. अर्धा इंचाच्या बाबतीत ते 12 आणि 13 असे वेगळे होतात. म्हणून पिच गेज (आट्यांशी जुळवून पाहायची दातेरी पाती) आट्यांवर बसवून उजेडासमोर धरावे आणि फट पाहावी. युनिफाइड म्हणजे समाईक प्रमाणाच्या आट्यांवर अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांची सहमती 1948 साली झाली, त्यामुळे युद्धकाळातल्या अमेरिकी भागाच्या ड्रॉइंगवर ‘यूएनसी’ (युनिफाइड जाड आटे) लिहिणे कालविसंगत ठरते. तिथे ‘एनसी’ (त्याआधीचे अमेरिकी जाड आटे) हवे.

वक्राकार पत्र्याच्या कडा फ्लॅटबेड स्कॅनरवर घेता येतात, फक्त काचेवर दोन दिशांना पोलादी पट्ट्या ठेवून दोन्हीकडचे प्रमाण तपासावे. वाकवणीची त्रिज्या आतल्या बाजूने रेडियस गेजने मोजावी. ओतीव भागात साच्यातून पॅटर्न (साचा घडवण्याचा नमुना) निघावा म्हणून बाजूंना दिलेला उतार झीज समजून सरळ करण्याचा मोह टाळावा.

ड्रॉइंग अमेरिकी भागाचे असेल तर थर्ड अँगल प्रोजेक्शन (वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या वर मांडण्याची पद्धत) ठेवावे आणि त्याचे चिन्ह जरूर द्यावे. मापे मूळ एककात लिहावीत आणि प्रत्येकापुढे एक खूण करावी: प्रत्यक्ष मोजलेले, कागदपत्रांतून घेतलेले किंवा अनुमानाने ठरवलेले. शक्य असल्यास किमान दोन नमुने तपासावेत, कारण एकाच नमुन्यावरून टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, कळत नाही. शेवटी ड्रॉइंग पूर्ण आकारात छापून त्यावर भाग ठेवावा. कागदावर आडवी आणि उभी 100 मिमीची रेघ आधीच आखलेली असावी, म्हणजे फरक दिसला तर तो ड्रॉइंगचा की प्रिंटरचा हे लगेच कळते.