ओआरएस देताना या चुका टाळा

बालरोग वॉर्डात बावीस वर्षं ड्युटी केल्यावर एक सांगते: ओआरएसची, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याची, पुडी जितकी स्वस्त, तितका तिच्यावर हात चालवायचा मोह जास्त.

पुडी एक लिटरची, पाणी फुलपात्रभर

जानेवारीतली नाइट. दीड वर्षाचं पोर, रोटाव्हायरसचे जुलाब. डोळे फारसे खोल नव्हते, पण तहानेनं वेडंपिसं झालेलं आणि पोटाची कातडी हाताला मळलेल्या कणकेसारखी लागली. आजी म्हणाल्या, "जरा कडक केलं हो, लवकर गुण यावा म्हणून." पूर्ण पुडी एका फुलपात्रात! रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, १६८, धोकादायक जास्त. ते उतरवायलाही घाई चालत नाही, मेंदूला सूज येते. दोन दिवस थेंब मोजत बसलो.

गंमत प्रमाणातच आहे. हा विषाणू आतड्याच्या आतल्या बारीक बोटांसारख्या अंकुरांच्या टोकांवरच्या पेशी मारतो, त्यामुळे मीठ शोषणं मंदावतं. पण उरलेल्या पेशींत ग्लुकोज आणि मीठ जोडीनं आत घेणारी वाट चालू असते. ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आत जातात, त्यांच्यामागे पाणी. म्हणून तर लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असा हिशेब बसवलाय. तो फुलपात्रात घोळला की पाचपट.

"अशक्तपणा आलाय, वरून साखर घाला"

नका घालू. पेशींना झेपेल त्यापेक्षा जास्त साखर आतड्यातच राहते आणि अंगातलं पाणी तिकडे ओढते. जुलाब वाढतात आणि मग डॉक्टर बदलायची घाई! कोल्ड्रिंक, डब्यातला ज्यूस यांचंही तेच. त्यात मीठही जवळजवळ नाही. पातळ, मिठाची तांदळाची पेज खुशाल द्या. तिच्यातला स्टार्च हळूहळू ग्लुकोज होतो, एकदम लोंढा येत नाही.

उलटी झाली म्हणून बंद करू नका. दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्यानं द्या. बाटलीनं घटाघट पाजणाऱ्यांचीच पोरं परत ओकतात.

अंगावरचं दूध तोडू नका.

डॉक्टरांनी दिलेलं झिंकचं औषध जुलाब थांबले तरी १४ दिवस द्या.

कालवलेलं २४ तासांनी ओतून द्या.

पोर मलूल पडलं, सहा तास लघवी नाही किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरगुती प्रयोग पुरे, दवाखाना गाठा.

मी स्वतः लिटरची रिकामी बाटली धुऊन घेते, आधी पाणी भरते, मग पुडी फोडते. २०० मिलीच्या छोट्या पुड्याही मिळतात, म्हणून आकडा दरवेळी वाचते. चष्मा लावून.