कुत्र्याला रंगांतील फरक शिकवताना : खाऊ कधी द्यावा, भूक किती असावी

इंदूरच्या आमच्या घरी कुत्र्याला पिवळे झाकण सोडून निळे निवडायला शिकवताना पहिले दोन आठवडे वाया गेले, कारण खाऊचा डबा स्वयंपाकघरात होता. त्याने निळ्या झाकणाला नाक लावले की मी पनीरचा तुकडा आणायला आत जात असे. तेवढ्यात तो झाकण सोडून दाराकडे वळलेला असे, आणि खाऊ पदरात पडे तो त्या वळण्याबद्दल. दाराकडे टक लावून बसणे मात्र तो पक्के शिकला.

मानसशास्त्रज्ञ ग्राइस यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काळा-पांढरा फरक ओळखल्याबरोबर अन्न मिळणारे उंदीर सर्वांत लवकर शिकले. अर्ध्या सेकंदाच्या उशिरानेही शिकणे मंदावले, आणि १० सेकंद थांबावे लागणाऱ्यांपैकी काहींना हजाराहून अधिक प्रयत्नांनंतरही तो फरक साधला नाही.

म्हणून तुकडे आधीच कापून कमरेच्या पिशवीत ठेवावेत. हात तोंडापर्यंत पोहोचायलाही वेळ लागतो, तेव्हा जिभेने ‘टक’ असा आवाज करून नेमका क्षण कळवावा. मात्र त्याआधी वीसेक वेळा ‘टक’ करून लगेच खाऊ द्यावा, म्हणजे त्या आवाजाला अर्थ येतो. कौतुकाचे शब्द नंतर.

कुत्र्याला निळा आणि पिवळा स्पष्ट वेगळे दिसतात, लाल-हिरव्यात त्याचा गोंधळ होतो. वासावरून निवड होऊ नये म्हणून दोन्ही झाकणांना पनीर चोळावे, आणि झाकणांच्या जागा अनियमितपणे बदलाव्यात. नाहीतर तो रंगाऐवजी डावी-उजवी बाजू शिकतो. आपली नजरही योग्य झाकणावर खिळू देऊ नये.

उपाशी ठेवल्यास तो लवकर शिकेल, असे अनेकांना वाटते. मला ते क्रूर आणि निरुपयोगीही वाटते. मानसशास्त्रज्ञ यर्क्स आणि डॉडसन यांच्या १९०८ च्या प्रयोगात चुकीच्या निवडीला बसणारा विजेचा धक्का तीव्र असताना उंदीर सोपा फरक लवकर शिकले, परंतु कठीण फरकासाठी सौम्य धक्काच अधिक उपयोगी ठरला. भूक म्हणजे धक्का नव्हे, तरी अतिउतावळा कुत्रा झाकणे न पाहताच झेप घेतो, हे मी रोज पाहिले आहे. संध्याकाळच्या जेवणापूर्वी, उन्हाळ्यात ऊन उतरल्यावर, दहा-बारा प्रयत्न पुरेत. फिकट आणि गडद निळ्यातील फरकाकडे वळताना तो फार उतावीळ झाला, तर पनीरऐवजी पोळीचा तुकडा द्यावा. पोह्यांवरची शेव किंवा कांदा मात्र पाहुण्यांच्या हातूनही त्याला मिळू देऊ नये. कांदा त्याला विषारी असतो.