मुंबईच्या गॅलरीत दवणा: कोरड्या हवेच्या झाडाची ओल्या शहरातील लागवड

चैत्र लागला की दादरच्या फूलबाजारात झेंडू आणि शेवंतीच्या ढिगांशेजारी राखाडी हिरव्या दवण्याच्या जुड्या मांडलेल्या दिसतात. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला वाहिला जाणारा आणि मरव्याबरोबर वेणीत गुंफला जाणारा हा दवणा घरी कुंडीत वाढवावा, असे अनेकांना वाटते. पण रोप आणले की महिन्याभरात त्याची खालची पाने काळी पडतात आणि बुंधा मऊ होऊन रोप आडवे होते. माझ्या अनुभवात याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते: आपण दवण्याला तुळशीसारखे वागवतो. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालण्याची सवय तुळशीला मानवते, दवण्याला मात्र ती सोसत नाही.

दवण्याचा स्वभाव समजून घ्यायचा असेल, तर त्याच्या एका दूरच्या भाऊबंदाकडे पाहणे उपयोगी ठरते. दवणा, म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स, हा सूर्यफुलाच्या कुळातील आहे. याच आर्टेमिसिया प्रजातीसमूहातील सेजब्रश हे झुडूप अमेरिकेच्या पश्चिमेकडील नेव्हाडा, युटा, आयडाहो, ओरेगन, वायोमिंग या राज्यांतील कोरड्या माळांवर मैलोन् मैल पसरलेले असते, आणि नेव्हाडाने तर त्याला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. वर्षाकाठी साधारण २०० ते ४०० मिलीमीटर पावसावर ते जगते. त्याच्या पानांवर बारीक रुपेरी लव असते, जी ऊन परतवते आणि पानातील ओल धरून ठेवते. त्याची काही मुळे खोल जातात, तर काही जमिनीच्या वरच्या थरातच पसरतात, म्हणजे वितळलेल्या बर्फाचे आणि अवचित पडलेल्या सरीचे असे दोन्ही पाणी त्याला मिळते. वसंतात आलेली मोठी पाने ते कडक उन्हाळ्यात गाळून टाकते आणि लहान पाने तेवढी राखते. दवण्याच्या पानांवरही तशीच पांढुरकी लव आहे, पण कोरड्या दिवसांना तोंड देण्याची त्याची रीत निराळी आहे: तो वर्षानुवर्षे तग धरत नाही, तर एकाच हंगामात उगवून, फुलून, बी धरून मोकळा होतो. ही लव आणि हे एका हंगामाचे आयुष्य, एवढ्या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुढील सारी कृती आपोआप उलगडते.

अमेरिकेतील सेजब्रशच मुंबईत लावता येईल का, असेही काही जण विचारतात. त्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परदेशी बियाणे आणायला आयात परवाना आणि पादप-स्वच्छता प्रमाणपत्र लागते. शिवाय जिथे चार महिन्यांत २,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हिवाळ्यात बर्फ तर सोडाच, धड थंडीही पडत नाही, तिथे त्या झुडपाचा जीव रमणे कठीण आहे.

दवण्याच्या लागवडीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. पहिल्या वर्षी मी इतर झाडांप्रमाणे पावसाच्या तोंडावर, जूनमध्ये, बी पेरले होते आणि जुलै संपण्यापूर्वी सगळी रोपे कुजून गेली. मुंबईत पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो, त्यानंतर ऑक्टोबरची काहिली असते, आणि दिवाळीच्या सुमारास रात्री जरा सौम्य होतात. बी पेरण्याची योग्य वेळ तीच: ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबरचा मध्य. त्या वेळी पेरलेला दवणा फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलावर येतो, म्हणजे चैत्राच्या पूजेलाही तो हाताशी असतो.

बी विकत घेताना ते त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात धरलेले आहे का, हे आवर्जून विचारावे, कारण दवण्याच्या बियांची उगवणशक्ती लवकर ओसरते आणि दोन वर्षे जुने पाकीट म्हणजे बहुधा नुसती धूळ असते. रोपवाटिकेतून तयार रोप घेणार असाल, तर ढोरदवण्याशी त्याची गफलत होऊ देऊ नये. ढोरदवणा सह्याद्रीत आढळतो, तो बहुवर्षायू असतो, आणि त्याची पाने मोठी, वरून गडद हिरवी व खालून पांढरी असतात. खऱ्या दवण्याचे पान लहान, बारीक कातरलेले आणि दोन्ही अंगांनी राखाडी असते. बोटांत चुरडल्यावर त्याला फळासारखा गोडसर, दाट वास येतो.

बी इतके बारीक असते की चिमटीत धरले तरी किती आले ते कळत नाही. ते सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून सुमारे ४८ तास ओले ठेवावे. पुरचुंडी पाण्यात बुडवून ठेवू नये. ती भिजवून, पिळून वाटीत ठेवावी आणि कापड वाळू लागले की पुन्हा शिंपडावे. त्यानंतर बियांच्या पाच-सहा पट बारीक कोरडी वाळू घेऊन तिच्यात ते हलक्या हाताने मिसळावे आणि पसरट ट्रेमधील ओलसर मातीवर ही वाळू मीठ भुरभुरावे तशी भुरभुरावी. वर मातीचा थर देऊ नये. फार तर वाळूचा पातळ पापुद्रा द्यावा, कारण एवढ्याशा बियाला खोलातून वर येण्याचे बळ नसते. झारीच्या धारेने बी एका कोपऱ्यात वाहून जाते, म्हणून पाणी स्प्रे बाटलीनेच द्यावे. तीन-चार दिवसांत हिरवी झाक दिसू लागते. या अवस्थेत ट्रेवर प्लॅस्टिक झाकण्याचा मोह टाळावा. मुंबईच्या दमट हवेत त्याची गरज नसते आणि कोंडलेल्या ओलीत रोपे मुळाशी बारीक होऊन एका रात्रीत कोलमडतात.

मातीचे मिश्रण करताना दोन भाग लाल माती, एक भाग कणीदार रेती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत घ्यावे. हल्ली प्रत्येक कुंडीत कोकोपीट भरण्याची रीत पडली आहे. ते पाणी धरून ठेवते आणि दवण्याला नेमके तेच नको असते, म्हणून मी ते अजिबात वापरत नाही. कुंडी मातीचीच घ्यावी, कारण तिच्या अंगातून ओल निघून जाते. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये.

सुमारे सहा आठवड्यांनी, रोपे बोटभर उंच झाली की, ती संध्याकाळच्या वेळी हलवावीत. २५ सेंटीमीटर व्यासाच्या कुंडीत चार-पाच रोपे पुरेत. पूर्ण वाढलेला दवणा ४० ते ६० सेंटीमीटर उंच होतो, आणि गर्दी झाली की आतली हवा कोंडते.

पाणी कधी द्यावे, हे घड्याळाने ठरवू नये. मातीत बोटाचे पहिले पेर खुपसून पाहावे. ते कोरडे लागले तरच पाणी द्यावे, तेही सकाळी आणि बुंध्याच्या भोवती. पानांवर पाणी मारू नये. शेजारी इमारतीचे बांधकाम चालू असेल, तर पानांवरील लवेत धूळ अडकते आणि रोप धुऊन काढावेसे वाटते. परंतु तीच लव पाणीही धरून ठेवते, म्हणून रोप अलगद झटकणे बरे. ऊन किमान पाच-सहा तास मिळावे. दक्षिणेची किंवा पश्चिमेची गॅलरी उत्तम. जिथे समोरच्या इमारतीची सावली दुपारीच उतरते, तिथे रोप लांबट, फिके आणि जवळजवळ निर्गंध होते. शेंड्यांवर मावा दिसला तर सौम्य साबणाच्या पाण्यात थोडे निंबोळी तेल मिसळून सकाळी फवारावे आणि पाने ऊन चढेपर्यंत सुकतील असे पाहावे.

फेब्रुवारीत बारीक पिवळसर फुलांचे गोंडे दिसू लागले की कापणीची घाई करू नये. दवण्याचे सुगंधी तेल मुख्यत्वे या गोंड्यांतच असते, आणि ज्याच्यामुळे हा वास ओळखू येतो तो घटक, डॅव्हानोन, याच तेलात असतो. बहुतेक गोंडे उमलल्यावर, दव उडून गेल्यानंतर, बुंध्यापासून चार बोटे वर कापावे. कापलेल्या जुड्या सावलीत उलट्या टांगून दोन दिवस सुकू दिल्या की वास अधिक दाट होतो. उन्हात वाळवल्यास तो उडून जातो. सुकलेला दवणा देव्हाऱ्यात ठेवावा, वेणीत घालावा किंवा सुती पिशवीत भरून साड्यांच्या कपाटात ठेवावा. पोटात घेण्याचा विचार मात्र वैद्यांना विचारल्यावाचून करू नये, आणि गर्भवतींनी तर मुळीच नाही.

कापणीच्या वेळी सर्वांत जोमदार दोन रोपे तशीच राखावीत. त्यांचे गोंडे तपकिरी होऊन हाताला कुरकुरीत लागले की कागदावर झटकून बी धरावे, आठवडाभर सावलीत सुकवावे आणि कागदी पुडीत बांधावे. ही पुडी सिलिका जेलच्या पाकिटासह घट्ट झाकणाच्या डब्यात घालून जून लागण्यापूर्वीच फ्रिजमध्ये ठेवावी. पावसाळ्यातील चार महिने ती उघडी राहिली तर ऑक्टोबरात त्यातले फारसे बी उगवत नाही.