एकच मूळ पासवर्ड, तरी संगणकावर आणि मोबाइलवर वेगळी उत्तरे: माझा अनुभव

मूळ पासवर्ड व संकेतस्थळाचे नाव यांतून प्रत्येक खात्याचा पासवर्ड गणिताने काढणारे साधन साताऱ्यातील आमच्या दुकानाच्या संगणकावर एक आणि मोबाइलवर दुसराच पासवर्ड देत होते. साधन पुन्हा बसवले, साधनात भरलेली पासवर्डाची लांबी व क्रमांक ताडले, डोके पिकले. शेवटी कारण सापडले.

मूळ पासवर्डातील ‘साताऱ्याचा’ या शब्दातले ‘ऱ्य’ मोबाइल युनिकोडमधील (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) ०९३१ या अक्षराने, तर संगणक साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (२००डी) यांनी लिहीत होता. दिसायला सारखेच, पण बाइट (यंत्र आत साठवते ते आकडे) वेगळे, म्हणून गणिताचे उत्तरही वेगळे.

प्रथम, ज्या यंत्रावरचे पासवर्ड खात्यांना चालत होते, त्यावरून सर्व खात्यांत प्रवेश केला. मग केवळ रोमन अक्षरांतील लांब मूळ पासवर्ड ठरवून दोन्ही यंत्रांवरचे उत्तर ताडले, आणि जुळल्यावरच, बँकेपासून सुरुवात करून, एकेका खात्याचा पासवर्ड बदलला.