रंगीत रोल घरी धुताना: सी-४१ची रसायनं कालवणं आणि टिकवणं

मी सोलापुरात अक्कलकोट रोडला डाईंगमध्ये काम करतो. आमच्याकडं सुताला आधी नॅफ्थॉल लावतात, मग बेसच्या पाण्यात बुडवतात आणि रंग सुतातच तयार होतो. रंगीत निगेटिव्ह फिल्म धुण्याच्या सी-४१ पद्धतीचंही असंच आहे. प्रकाश लागलेल्या चांदीवर काम करताना डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, ऑक्सिडाइज होतो आणि फिल्मच्या थरातल्या कपलर नावाच्या रसायनाशी जुळून तिथल्या तिथं रंग बनवतो. हेच ऑक्सिडाइज होणं बाटलीतल्या हवेनं आधीच उरकलं, तर फिल्मसाठी काही उरत नाही. म्हणून माझी सगळी काळजी डेव्हलपरच्या बाटलीभोवती असते.

पहिला प्रश्न पाण्याचा. सोलापुरात नळ रोज येत नाही आणि बोअरचं पाणी जड. डेव्हलपर आणि स्टॅबिलायझर (फिल्मला शेवटी लावायचं द्रावण) मी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यातच कालवतो. गॅरेजला लागणाऱ्या सामानाच्या दुकानात मिळतं. मागताना 'पाणी' असं स्पष्ट सांगा, तिथं बॅटरीचं ॲसिडही असतं. ब्लिक्सला, म्हणजे डेव्हलपरनंतर फिल्ममधली चांदी काढून टाकणाऱ्या ब्लीच-फिक्सरच्या मिश्रणाला, जारचं आरओ पाणी चालतं.

हातात नायट्राइलचे मोजे आणि पावडरचं किट असेल तर तोंडाला मास्क हवाच. डेव्हलपरमधल्या सीडी-४ या मुख्य रसायनाची कातडीला ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती सहसा पाठ सोडत नाही. मापं, नरसाळं, ढवळणी वेगळी ठेवा, स्वयंपाकघरात परत जाता कामा नयेत. १ लिटरच्या किटला आधी ७००-८०० मिली पाणी साधारण ४० अंशांवर घ्या. डेव्हलपरचा 'ए' भाग पूर्ण विरघळू द्या, मग 'बी', मग 'सी', शेवटी पाणी घालून १ लिटर करा. घाईनं सगळं एकदम ओतू नका. हळू ढवळा, फेस आला म्हणजे हवा आत गेली. डेव्हलपर बाटलीत भरून बूच लावल्यावरच ब्लिक्सला हात घाला, तेही खिडकी उघडी ठेवून. ब्लिक्सचे दोन थेंब डेव्हलपरमध्ये पडले तरी डेव्हलपर गेला समजा. उलट दिशेनं गेलेल्या थेंबांचं एवढं वाईट होत नाही. मी दोन्हींच्या नरसाळ्यांना वेगळ्या रंगाचा धागा बांधलाय.

डेव्हलपरसाठी ३७.८ अंश आणि ३ मिनिटं १५ सेकंद, हे कोडॅकनं १९७२ साली सी-४१ आणली तेव्हापासूनचं गणित आहे. तापमान हललं की तीन थरांचे रंग सारखे उतरत नाहीत आणि स्कॅन करताना तो कल सरळ होत नाही. इथं जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत, पाणी तापवावं लागतं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच इतकं गरम येतं की बर्फ घालून ते खाली आणावं लागतं. घमेल्यात पाणी भरून बाटल्या आणि फिल्म धुवायची बंद टाकी त्यात उभ्या करा, आणि घमेल्याला जाड टर्किश टॉवेल गुंडाळा. आपल्या गावात टॉवेलला तोटा नाही, आणि पाणी बऱ्यापैकी स्थिर राहतं. थर्मामीटर घमेल्यात न ठेवता डेव्हलपरमध्येच बुडवून बघा.

डेव्हलपरनंतर त्याच तापमानाच्या पाण्यानं टाकी एकदा खळबळून घ्या. तसं न केल्यास ब्लिक्स पडताच गॅस धरतो आणि झाकण उडतं. खळबळल्यावरही पहिल्या काही हलवण्यांनंतर झाकण किंचित उघडून हवा सोडा. ब्लिक्सला साधारण साडेसहा मिनिटं. मग टाकी भरायची, हलवायची, ओतायची, असं सहा-सात वेळा केलं की फिल्म धुऊन निघते. आठवड्याचं पाणी साठवणाऱ्या घरात नळ चालू सोडणं शक्यच नाही. स्टॅबिलायझर शेवटी, घरातल्याच तापमानाला. त्यानंतर पाणी लावायचं नाही.

आता टिकवणं. औषधाच्या तपकिरी काचेच्या बाटल्या घ्या, प्रत्येक गळ्यापर्यंत भरलेली हवी. कमी पडलं तर धुतलेल्या काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणा. कोल्ड्रिंकची बाटली वापरू नका, घरात पोरं असतात. बाटलीवर कालवल्याची तारीख आणि धुतलेल्या प्रत्येक रोलची रेघ. बऱ्याच किटांत दर रोलमागे वेळ २ टक्के वाढवायला सांगतात, म्हणजे जेमतेम चार सेकंद, पण आठव्या रोलपर्यंत अर्धा मिनिट होतो. तुमच्या किटच्या कागदावर वेगळं असेल तर तेच पाळा. उन्हाळ्यात बाटल्या जमिनीलगतच्या कपाटात ठेवा, वरच्या माळ्यावर नको.

नवा डेव्हलपर फिकट असतो. तो काळ्या चहासारखा झाला की महत्त्वाचा रोल त्यात घालू नका. शंका आली तर रोलच्या तोंडाचा, उजेडात आलेला तुकडा कापून गरम डेव्हलपरमध्ये टाका. सव्वातीन मिनिटांत तो गडद काळा व्हायला हवा. दुसरा कोरा तुकडा ब्लिक्समध्ये टाकलात तर तो स्वच्छ नारिंगी दिसला पाहिजे. दुधाळपणा राहिला तर ब्लिक्स थकलाय. निगेटिव्ह मळकट, रंग दबलेले वाटले तर बहुतेक आत चांदी राहिलीय. ताज्या ब्लिक्समध्ये पुन्हा बुडवा, हे उजेडातही चालतं, रोल वाचतो. डेव्हलपरमध्ये बिघडलेला रोल मात्र परत येत नाही, म्हणून तिथं कंजुषी नको.

वापरलेल्या ब्लिक्समध्ये फिल्ममधली चांदी उतरलेली असते आणि ती पाण्यातल्या जीवांना घातक आहे. उघड्या गटारात ओतू नका. मी ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवतो आणि कॅन भरला की ओळखीच्या लॅबवाल्याच्या कॅनांबरोबर पाठवून देतो.