यार्ड सेल पहिल्यांदाच लावताय? अमेरिकेतल्या नव्या जोडप्यांसाठी

अमेरिकेत घर हलवताना, त्यातही भारतात कायमचं परत जाताना, सामानाचं काय करायचं हा प्रश्न शेवटच्या महिन्यात अंगावर येतो. इथे ना रद्दीवाला दारावर येतो, ना जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण. जुनं मोठं फर्निचर टाकायचं म्हटलं तरी बऱ्याच ठिकाणी उलट आपल्यालाच पैसे मोजावे लागतात. यार्ड सेल, म्हणजे घरासमोरच्या अंगणात जुनं सामान मांडून विकणं, हा त्यावरचा सोपा उपाय. पण तो घर रिकामं करण्यासाठी आहे, कमाईसाठी नाही, एवढं दोघांनी आधी ठरवून टाका. बहुतेक सेल इथेच फिसकटतात. एकाला शनिवारी दुपारपर्यंत गराज मोकळं हवं असतं, आणि दुसऱ्याला सोफ्याची अर्धी तरी किंमत वसूल करायची असते. मग गिऱ्हाईक समोर उभं असताना दोघांत मराठीतून हलक्या आवाजात बोलणी सुरू होतात आणि गिऱ्हाईक निघून जातं.

म्हणून दोन आठवडे आधी एका संध्याकाळी कागद घेऊन बसा. वस्तू, मांडायचा भाव आणि तळाचा भाव असे तीन रकाने करा. वीस डॉलरच्या वरच्या प्रत्येक वस्तूचा तळाचा भाव दोघांनी मान्य केलेला हवा. त्या भावापर्यंत जो समोर असेल त्याने विकून मोकळं व्हायचं, विचारायला घरात यायचं नाही. यादीत नसलेली वस्तू अंगणात आणायची नाही. 'हे कशाला विकलंस?' या वाक्यापासून वाचण्याचा दुसरा मार्ग नाही.

भारतात परतणाऱ्यांनी यादी विजेपासून सुरू करावी. अमेरिकेत पुरवठा १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा, भारतात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा. इथला मिक्सर किंवा हेअर ड्रायर तिकडच्या प्लगला थेट लावला तर जळतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही, त्यामुळे काही मोटरवाल्या वस्तू त्यावरही तापतात. शिवाय मायक्रोवेव्हला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग पडतो. तेव्हा प्रत्येक उपकरणाच्या मागची पट्टी वाचा. १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल, जसं लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर असतं, तर सोबत न्या. नुसतं १२० लिहिलं असेल तर विक्रीला काढा. भारतातून आणलेलं २३० व्होल्टचं काही असेल तर ते अंगणात मांडूच नका.

प्रेशर कुकर, वेट ग्राइंडर, पोळपाट, डोशाचा तवा या वस्तू रस्त्यावरून जाणाऱ्याला ओळखूच येत नाहीत. डॉलरभरात मागतात आणि तरी नेत नाहीत. शिवाय कुकर कधी न वापरलेल्या माणसाला माहितीपुस्तिकेशिवाय कुकर देणं धोक्याचं आहे. या वस्तू गावातल्या भारतीयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाका. ऑगस्टमध्ये विद्यापीठं सुरू होतात, त्या सुमाराला नव्याने आलेले विद्यार्थी कुकर, राइस कुकर, टेबल, दिवे हातोहात नेतात.

काही गोष्टी विकता येत नाहीत, आणि 'आमचा तर घरगुती सेल' ही सबब त्याला चालत नाही. परत मागवलेली, म्हणजे रिकॉल झालेली, वस्तू विकणं २००८ च्या ग्राहक सुरक्षा कायद्याने बेकायदा आहे. बाजूचा कठडा खाली सरकणारे पाळणे २८ जून २०११ पासून विक्रीतून बाद आहेत, जुने वापरलेलेसुद्धा. बाळाच्या प्रत्येक वस्तूचा मॉडेल नंबर अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या (सीपीएससी) संकेतस्थळावर तपासा, दोन मिनिटांचं काम आहे. कारसीटवर मुदत छापलेली असते. मुदत उलटलेली किंवा अपघातातून गेलेली सीट फुकटही देऊ नका. गादीवर फार आशा ठेवू नका. ढेकणांच्या भीतीने लोक हात लावत नाहीत आणि अनेक राज्यांत वापरलेल्या गाद्यांच्या विक्रीला वेगळे नियम आहेत.

परवानगीचं आधी बघा. अपार्टमेंटमध्ये सहसा सेल लावू देत नाहीत. भाड्याचं घर असेल तर मालकाला लेखी विचारा, सोसायटी म्हणजे एचओए असेल तर त्यांचे नियम वाचा. अनेक शहरांत परवाना काढावा लागतो, आणि वर्षातून किती वेळा व सलग किती दिवस याला मर्यादा असते. शहराच्या संकेतस्थळावर 'गराज सेल' (यार्ड सेलचंच दुसरं नाव) असा शोध घेतला की सापडतं. वर्क व्हिसावर असलेल्यांना एक शंका नेहमी येते. स्वतःच्या घरातलं वापरलेलं सामान विकणं म्हणजे नोकरी किंवा धंदा नव्हे. पण दुसऱ्यांच्या सेलमधून स्वस्तात घेऊन नियमित विकायला लागलात तर तो धंदा झाला. त्या वाटेला वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नका.

भावाच्या बाबतीत नवखे सगळ्यात जास्त चुकतात, कारण त्यांच्या डोक्यात बिलावरचा आकडा असतो. अंगणातल्या सेलमध्ये चांगल्या स्थितीतल्या फर्निचरला मूळ किमतीच्या साधारण २० ते ३० टक्के मिळाले तर भाव बरा समजा. छोट्या उपकरणांना ५ ते १५ डॉलर, मोठ्यांच्या कपड्यांना एक ते तीन, लहान मुलांच्या कपड्यांना ५० सेंट ते एक डॉलर, पुस्तकांना ५० सेंट ते दोन डॉलर. पन्नास डॉलरच्या वर अपेक्षा असलेली वस्तू सेलआधी आठवडाभर फेसबुक मार्केटप्लेसवर टाका. तिथे ती वस्तू शोधणारा माणूस येतो, अंगणात मात्र चालता चालता बघणारा. मांडायचा भाव तळाच्या भावापेक्षा पाव भाग जास्त ठेवा. दुप्पट ठेवलात तर घासाघीस न करताच लोक पुढे सरकतात.

प्रत्येक वस्तूवर भाव हवाच, विचारायला लागलं की निम्मे लोक विचारत नाहीत. लाकडावर दुकानातलं स्टिकर लावू नका. उन्हाने गोंद वितळून पॉलिश घेऊन निघतो. रंगाऱ्यांची निळी टेप आणि जाड मार्कर पुरे. कपडे-पुस्तकांना सुटे भाव नकोत, 'या खोक्यातलं काहीही एक डॉलर' अशी पाटी लावा.

आता वस्तूंची तयारी, आणि इथे थोडी मेहनत थेट पैशात उतरते. समजा स्वस्तातलं प्रेस्ड लाकडाचं बुकशेल्फ आहे. ते आदल्या दिवशी सोडवू नका. या लाकडात एकदा काढलेला स्क्रू दुसऱ्यांदा घट्ट बसत नाही, आणि सोडवलेल्या फळ्यांचा ढीग कोणी घेत नाही. उभंच ठेवा, विकल्यावर गिऱ्हाइकासमोर सोडवून द्या. सुटे स्क्रू आणि षट्कोनी चावी झिपच्या पिशवीत घालून मोठ्या फळीच्या मागे टेपने चिकटवा. आत माहितीपत्रक असेल तर सोन्याहून पिवळं. दिव्यांत बल्ब असू द्या. टोस्टरच्या तळाचा ट्रे काढून झटका, कोपऱ्यातले पावाचे तुकडे दिसले की पाच डॉलरची वस्तू एक डॉलरची होते. घरातून एक्स्टेन्शन कॉर्ड बाहेर आणून ठेवा. चालू करून दाखवलेलं उपकरण 'चालतं हो' म्हटलेल्यापेक्षा लवकर जातं.

कपड्यांचे खिसे, पर्सचे आतले कप्पे, पुस्तकांची पानं तपासा. पासपोर्टच्या झेरॉक्स आणि पगाराचे कागद नको तिथेच निघतात. लॅपटॉप, राउटर, टीव्हीला लावायची स्टिक, प्रिंटर हे सगळं फॅक्टरी रिसेट करा. जुन्या फोनमधून आपलं खातं काढायचं विसरलात तर घेणाऱ्याला तो फोन वापरताच येत नाही. खोक्यांवरचे नाव-पत्त्याचे लेबल फाडा.

जाहिरात गुरुवारी संध्याकाळी टाका. क्रेग्जलिस्ट या जाहिरातींच्या संकेतस्थळावर गराज सेलचा वेगळा विभाग आहे. नेक्स्टडोअर हे शेजाऱ्यांचं अ‍ॅप आणि फेसबुकही चालतं. 'घरगुती सामान' असं लिहून कोणी येत नाही. ब्रँडची नावं, 'किंग साइझ पलंग, चौकटीसह', 'दोन वर्षांच्या मुलाचे कपडे' असं लिहा आणि दोन-तीन नीट फोटो टाका. रस्त्यावरच्या पाट्यांसाठी गडद रंगाचा मोठा पोस्टर बोर्ड घ्या आणि त्यावर जाड काळ्या अक्षरात फक्त सेल, पत्ता आणि बाण काढा. गाडीतला माणूस तीन सेकंद बघतो, वस्तूंची यादी वाचत नाही. पाट्या शेजारच्या मोठ्या चौकापासून घरापर्यंत प्रत्येक वळणावर हव्यात. विजेच्या खांबांवर लावायला बहुतेक शहरांत मनाई असते, आणि टपालपेटीला तर काहीच चिकटवू नका. जमिनीत खोचायची तारेची चौकट वापरा.

सुटे पैसे शुक्रवारी बँकेतून आणा. शंभर डॉलरची जुळणी अशी करा: एकच्या ४० नोटा, पाचच्या सहा, दहाच्या दोन आणि क्वार्टर्सचा, म्हणजे २५ सेंटच्या नाण्यांचा, दहा डॉलरचा एक रोल. पैसे पेटीत ठेवू नका, कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा. दर तासाला जास्तीचे आत नेऊन ठेवा. एक डॉलरच्या वस्तूला सकाळी सकाळी शंभरची नोट पुढे आली तर नम्रपणे नाही म्हणा. बाजारात मिळणारं नोट तपासायचं पेन पाच डॉलरची धुऊन छापलेली नोट ओळखत नाही, कारण कागद खराच असतो. नोट उजेडासमोर धरून सुरक्षा पट्टी आणि वॉटरमार्क बघा. झेल किंवा व्हेन्मो या फोनवरून पैसे पाठवायच्या सेवांनी पैसे घेतलेत तर पाठवणाऱ्याच्या फोनवरचा स्क्रीन किंवा ईमेल पुरावा मानू नका. आपल्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसल्यावरच वस्तू हलू द्या. 'खात्री करायला सहा आकडी कोड पाठवतो, तो सांगा' असं मार्केटप्लेसवर कोणी म्हटलं तर तो चोरच समजा.

शनिवारी आठची वेळ दिली असेल तर सातलाच पुनर्विक्रीवाले येतात. त्यांना दागिने, अवजारं, जुने कॅमेरे हवे असतात आणि बोहनीच्या आनंदात आपण स्वस्तात देऊन बसतो. दार उघडं नसेल तर 'आठ वाजता या' म्हणा, ते येतातच. घराचं पुढचं आणि मागचं दार कुलूपबंद ठेवा. बाथरूम वापरू का असं विचारणाऱ्याला जवळचं पेट्रोल पंपाचं दुकान सांगा. एकाने पैशांजवळ बसायचं, दुसऱ्याने उभं राहून बोलायचं आणि उचलून द्यायचं. मोठं फर्निचर, हिरवळ कापायचं यंत्र, सायकली रस्त्याच्या कडेला मांडा, लांबूनच गाड्या थांबतात. कपडे जमिनीवर पसरण्यापेक्षा हँगरवर लावले तर बरेच जास्त जातात. चादरीवर ढीग टाकला की कोणी वाकत नाही.

'शेवटचा भाव काय?' असं विचारलं की आकडा आपण सांगायचा नाही. 'तुम्ही काय द्याल?' एवढं विचारा आणि गप्प बसा. इथले लोक शांतता फार वेळ सहन करत नाहीत. पहिल्या दोन तासांत मोठ्या वस्तूंवर ताणून धरा, छोट्या वस्तूंवर अजिबात नको. तीन वस्तू हातात असतील तर चौथी घालून एकच आकडा सांगा. अकरानंतर सगळं निम्म्यावर, बारानंतर एक पिशवी दोन डॉलर. दुपारी एक वाजता जे उरलं ते परत घरात नेऊ नका, नेलं की ते पुढच्या घरापर्यंत येतं.

उरलेलं त्याच दिवशी गुडविल किंवा साल्व्हेशन आर्मी अशा दान घेणाऱ्या संस्थेत नेऊन द्या, फर्निचर आणि बांधकामाचं साहित्य हॅबिटॅट या संस्थेच्या रीस्टोअर दुकानात चालतं. ते काय घेत नाहीत हे आधी फोन करून विचारा, गाद्या आणि जुने ट्यूबवाले टीव्ही बहुधा परत पाठवतात. पावती घ्या. करात तिचा उपयोग सहसा वजावटी एकेक मोजून दाखवणाऱ्यांनाच होतो. २५० डॉलर किंवा जास्तीच्या दानाला संस्थेचं लेखी पत्र लागतं, आणि वर्षभरातलं वस्तूंचं दान ५०० डॉलरच्या वर गेलं तर ८२८३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. सेलमधून आलेल्या पैशांवर मात्र, वस्तू खरेदीपेक्षा कमी किमतीला गेल्या असतील तर, केंद्र सरकारचा आयकर लागत नाही. तो तोटा वजाही करता येत नाही. संध्याकाळी चौकातल्या सगळ्या पाट्या काढून आणा, राहिल्या तर काही शहरं दंड लावतात.