आगीचे खेळ परदेशी नेताना

रत्नागिरी-मालवणकडच्या मंडळींनी आधी एक पक्कं करावं: विमानात इंधनाचा थेंबही चालत नाही. रॉकेल, पॅराफिन तिकडेच आयोजकाकडून मागवा आणि कोणतं हवं ते लेखी कळवा.

खरी गोची पलित्यांची. वापरलेल्या केव्हलारच्या (आग सोसणाऱ्या धाग्याच्या) वातींना रॉकेलचा वास राहतो आणि तपासणीत सगळं सामान अडकतं. धुऊन वास पुरता जात नाही, म्हणून कोऱ्या वाती वेगळ्या न्या आणि तिकडे पोचल्यावर बांधा. हँडल जुनी चालतील, पण घासूनपुसून.

दिव्यांच्या पोई (दोरीला बांधून फिरवायचे गोळे) आणि काठ्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातसामानातच, टोकांना चिकटपट्टी लावून. क्षमता काढायची तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास: 3.7 × 2.6 म्हणजे साधारण 9.6 वॉट-तास. 100 पर्यंत सहसा अडचण नाही. 100 ते 160 ला विमान कंपनीची परवानगी लागते. खाऱ्या हवेने बॅटरीच्या खाचेतली स्प्रिंग हिरवी पडते आणि दिवा ऐन खेळात लुकलुकतो, तेव्हा निघण्यापूर्वी सँडपेपर मारा.

महागडं सामान परत आणायचं असेल तर फिक्की या उद्योग-व्यापार महासंघाकडून एटीए कार्नेट, म्हणजे सामान जकात न भरता तात्पुरतं परदेशी नेण्याचा कागद, काढा. मात्र तो देश ही पद्धत मानतो का, ते आधी बघा. यादीतला नग तिकडे राहिला तर जकात बसते.